तेरावा ठोकळा

सहामाहीचा शेवटचा पेपर संपला आणि सायकलचं कुलूप काढता काढता मुक्ता म्हणाली, "अगं हां, सांगायचं राहिलंच. यंदा आपल्या किल्ल्यात ओजस्वी पण आहे."

जणू डब्यात चटणी पण आहे!

"कोण, ती चंद्रपूरची?" सावनीनं विचारलं. वर्गात ओजस्वी एकच होती, तरी विचारलं.

"हो. 'वसवा'मध्ये तिनं काय केलंय बघितलंस ना? अख्खा पूल दुमडतो, बटण दाबलं की! आपल्याला असंच कुणीतरी हवं होतं."

"मस्तच की," सावनी म्हणाली. टायर कडक होतं, तरी ती वाकून दाबून बघत राहिली.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या कॉलनीत दिवाळीचा किल्ला म्हणजे चेष्टा नव्हती. मुक्ता आणि सावनी बालवाडीपासून जोडीनं किल्ला करत आलेल्या. मुक्ता नकाशा काढणार, हुकूम सोडणार. सावनी माती चाळणार, भिजवणार, लिंपणार, बुरूज वळणार आणि शेवटी हळीव पेरणार. सावनीच्या हळिवासारखा दाट हळीव कॉलनीत कुणाचाच उगवायचा नाही. सगळं झालं की दोघी मिळून तलवार मोडलेला एक जुना मावळा दरवाज्याशी उभा करायच्या. त्याचं नाव तुटक्या. एकीनं डाव्या बाजूनं धरायचा, एकीनं उजव्या, आणि एकदमच ठेवायचा. हा त्यांचा नियम होता. तो दुसऱ्या कुणाला माहीत नव्हता आणि माहीत करून द्यायचाही नव्हता.

पण आता नुसता उभा राहणारा किल्ला कुणाला नको होता. किल्ला हलायला हवा होता.

याला कारण 'वसवा'. एके काळी तो साधा खेळ होता. पडद्यावर ठोकळे रचायचे, घरं-गावं वसवायची. त्यात दट्ट्या नावाचा एक ठोकळा होता. विजेचा इशारा मिळाला की त्याच्या तोंडातून दांडा बाहेर यायचा आणि पुढचा ठोकळा एक घर सरकायचा. इशारा थांबला की दांडा आत. साधा दट्ट्या ढकलून मोकळा व्हायचा. चिकट दट्ट्या ढकललेला ठोकळा परतही ओढायचा. मग कुणीतरी खरेखुरे ठोकळे बनवले. आत एक रबरासारखा स्नायू, वीज मिळाली की ताणणारा. लहान ठोकळे पोरांना खेळायला आणि मोठे घरं बांधायला. साताऱ्यातल्या नव्या फ्लॅटांमध्ये भिंती दट्ट्यांवर चालायला लागल्या. दिवसा हॉल मोठा, संध्याकाळी अभ्यासाची खोली मोठी. चालणारी भिंत बिघडली, की लोक मिस्त्रीच्या आधी 'वसवा' खेळणाऱ्या पोरीला हाक मारायचे. कॉलनीत आता ओजस्वीला हाक जायची. येऊन जेमतेम काही महिने झाले होते, तरी!

दट्ट्याचा एक कायदा होता. खेळात होता तोच खऱ्या ठोकळ्यांतही ठेवलेला, कुणाचा हात चेंगरू नये म्हणून. दट्ट्या जास्तीत जास्त बारा ठोकळे हलवतो. ढकलण्याआधी तो समोरच्या ठोकळ्यांची हजेरी घेतो. बारीकसा प्रवाह सोडतो, पहिला ठोकळा "हजर" म्हणतो आणि त्याला जो चिकटलाय त्याला विचारतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. हजेरी बाराच्या आत असली तर सगळे एकदम सरकतात. तेरावा "हजर" म्हणाला, की दट्ट्या ढिम्म. थोडंसं ढकलतो, निम्मे तरी हलवतो, असलं काही नाही.

एकटा तेरावा सगळं अडवतो.

सावनीला हे ठाऊक होतं. आपल्यासारख्या हुशार मुलीला हे का ठाऊक नसेल? फक्त तिचे हात मातीत चालायचे, तारांत नाही.

*

"हे बघ, महादरवाज्याच्या प्रत्येक ठोकळ्यामागं एक चिकट दट्ट्या लावून राहिली मी," ओजस्वी सांगत होती. कॉलनीच्या बागेत किल्ल्याचा सांगाडा उभा होता, सगळा ठोकळ्यांचा. "आधी आत ओढायचे, मग बाजूनं रेटायचे. बारा ठोकळ्यांना बारा दट्टे. जरा गुंता आहे, पण होते बरोबर."

"भारी!" मुक्ता म्हणाली. "सावनी, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. मी काय करू?"

"तू? तू नेहमीचंच. माती."

'माती' हा शब्द मुक्तानं असा टाकला, जसा पाहुण्यांना पाणी दे म्हणतात. सावनीनं बादली उचलली. माती कालवताना ती एवढ्या जोरानं रगडत होती, की पलीकडे क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघायला लागली.

"काय गं, मातीनं काय वाकडं केलंय तुझं?" मुक्ता हसली.

"घट्ट कालवावी लागते. तुला नाही कळायचं."

ओजस्वी भाबडेपणानं जवळ आली. "मला शिकवशील? आमच्या गल्लीत नव्हतं असं किल्ल्याचं. हे बी कायचं आहे?"

"हळीव."

"लाडूचा?"

"तोच. भिजवायचा, माती लावली की वरनं पसरायचा. चार दिवसांत हिरवागार डोंगर."

"अन् ठोकळ्यांना चालते?"

"डोंगर टकला ठेवायचा काय मग?" सावनी फटकन बोलली. मुक्तानं तिच्याकडं चमकून पाहिलं. ओजस्वी "नाही ना, छानच दिसेल" म्हणत परत तारांकडे वळली.

सावनीनं वाटीतला फुगलेला हळीव दोन्ही हातांनी डोंगरावर थापला. नेहमीपेक्षा दुप्पट. आपलंही काहीतरी दिसायला नको?

त्याच दिवशी घरी वेगळाच तमाशा चालला होता. स्वयंपाकघराची भिंत अडली होती. बाबा बटण दाबत होते, भिंत नुसतं 'टक' करत होती.

"आंबोळीचं पीठ उतू गेलं होतं," आई सांगत होती. "पुसलं की मी सगळं!"

"फटीतलं कुठं पुसलंस? ते चिकटून बसलंय. आता भिंतीला वाटतंय, शेजारचा ओटापण आपल्यातलाच आहे. त्याचीही हजेरी धरतेय ती." बाबांनी उलथणं घेतलं आणि फटीतनं पिठाची खपली सोलून काढली. भिंत गुमान सरकली.

"मिस्त्री झालात की!" आई म्हणाली.

सावनी हसलीसुद्धा नाही. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. 'तू नेहमीचंच.'

*

वसुबारसेपर्यंत हळीव असा तरारला, की येणारे-जाणारे थांबून हात फिरवायला लागले. पण कौतुक कुणाचं? "दार आपोआप उघडणार म्हणे! ती नवीन मुलगी करतेय ना?" देशमाने काका, म्हणजे स्पर्धेचे परीक्षक आणि कॉलनीचे चेअरमन, दोनदा येऊन ओजस्वीला शाबासकी देऊन गेले. मुक्ता आणि ओजस्वी एकाच पायरीवर बसून एकाच फोनमध्ये डोकं घालून हसायच्या. सावनी झारीनं पाणी घालायची. 'ह्या दोघी कशा सुरळीत चालल्यात,' तिला वाटायचं, 'आणि मी आपली तेरावी.'

संध्याकाळी चाचणी ठरली. पणत्या लागल्या, पोरं गोळा झाली. ओजस्वीनं बटण दाबलं.

टक.

परत दाबलं. टक. बाराही दट्टे नुसते कण्हल्यासारखे वाजले. महादरवाजा जागचा हलला नाही.

"थांबा, थांबा," ओजस्वी म्हणाली. तारा तपासल्या, सगळं पुन्हा जोडलं. टक. गर्दीतनं एक पोरगा ओरडला, "दरवाजा झोपलाय! दूध द्या त्याला!" सगळे खिदळले.

मुक्ताचा चेहरा लाल झाला. तिला हसं झालेलं मुळीच चालत नसे. "काय केलंस तू? लावलास त्या दिवशी माझ्यासमोर चालला होता!"

"तेव्हा चालला होता ना. मला तर समजूनच नाही राहिलं..."

"नाही कसं समजत? कॉलनीभर मिरवत होतीस!"

ओजस्वी मान खाली घालून तारा गोळा करू लागली. मुक्तानं सावनीचा हात धरला. "चल गं. भेळ खाऊ."

गाड्यावर मुक्तानं दोघींत एकच मोठी भेळ घेतली, पूर्वीसारखी. "तुझं ऐकायला हवं होतं," ती म्हणाली. सावनी खरं तर काहीच बोलली नव्हती. "आपण दोघी होतो तेच बरं होतं. उद्या तिला सांगून टाकते, राहू दे म्हणून. दार नाही हललं तर नाही हललं. पुढच्या वर्षीपासून आपण दोघीच. काय?"

भेळ झणझणीत होती आणि सावनीच्या तोंडात ती कंदी पेढ्यासारखी लागत होती. "आपण दोघीच," ती म्हणाली. घरी येताना तिनं सायकल एक हात सोडून चालवली. मग दोन्ही.

घरात आईनं खिरीसाठी हळीव भिजत घातला होता. सावनीनं सवयीनं वाटीत बोट घातलं. दाणे फुगून एकमेकांना बिलगले होते, प्रत्येकाभोवती खळीसारखा बुळबुळीत थर. बोट वर काढलं तर अख्खा गोळाच वर आला. एक दाणा सुटा होईना.

तिनं बोट तसंच वर धरलं. मग स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं. मग परत बोटाकडे.

आंबोळीचं पीठ! हळीव! तिनं दुप्पट थापलेला चिकट, ओला हळीव प्रत्येक फटीत उतरला होता आणि वरून त्याची मुळं विणली गेली होती. ठोकळ्यांना वाटत होतं, शेजारचा आपल्यालाच चिकटलाय. दरवाजा हजेरी घ्यायला जात होता आणि अख्खा डोंगर "हजर" म्हणत होता!

"आई!" ती किंचाळली. "मी कसली हुशार आहे!"

"भांडी घासायच्या वेळी दाखव ती हुशारी," आई आतून म्हणाली.

आणि मग सावनी खुर्चीत बसली. कारण पुढचं तिच्या लक्षात आलं होतं. हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ओजस्वीचं काहीच चुकलं नव्हतं. की अडवणारी वस्तू सावनीची होती. आणि सांगितलं की दोघींची डोकी पुन्हा त्या एका फोनमध्ये.

नाही सांगितलं, तर कुणाला कळणार होतं?

'नाहीच सांगायचं,' तिनं ठरवलं. खीर वाढली तेव्हा तिनं नको म्हटलं.

*

धनत्रयोदशीच्या सकाळी ती बागेत गेली, तेव्हा ओजस्वी एकटीच किल्ल्यापाशी उकिडवी बसली होती. बाजूला दट्टे काढून ओळीनं ठेवले होते.

"मुक्ताचा मेसेज आला," ओजस्वी म्हणाली. "मी निघून जाते यातून. तुम्ही दोघी करा छान. हे माझे दट्टे तेवढे घेऊन जाते."

हेच तर हवं होतं. सावनीनं 'बरं' म्हणायला तोंड उघडलं.

"गणितच चुकलं माझं," ओजस्वी पुटपुटली. "दट्टेच कमजोर पडले असतील. मला वाटायचं मला येते हे, पण नाही येत. 'वसवा' पण बंद करते आता."

"दट्टे कमजोर?" सावनी म्हणाली.

"नाही तर काय?"

असं चुकीचं उत्तर! आणि बरोबर उत्तर इथं, सावनीच्या जिभेवर, रात्रभर आवळून धरलेलं! तिला ते आता एक क्षण आत ठेवता येईना. चांगुलपणा वगैरे नंतर. आधी हे, की एवढा झकास शोध लागलाय आणि तो जगात कुणालाच ठाऊक नाही!

"गणित नाही चुकलं गं, माठ!" ती ओरडली. "हळीव आहे तो! हळीव!"

तिनं सगळं एका दमात सांगितलं, पीठ, फट, हजेरी, बोटावरचा गोळा. ओजस्वी ऐकताना हळूहळू उभी राहिली. मग तिनं हळिवाची एक कड उचलून बघितली. खालचे दोन ठोकळे अलगद वर आले, पांढऱ्या मुळांनी शिवल्यासारखे.

"अगं बापा," ती म्हणाली. "हे तर खेळातल्या खळीच्या ठोकळ्यासारखं झालं! एक ओढला की शेजारचे सगळे येतात मागं." तिनं कड तशीच धरून ठेवली. डोळे कुठंतरी लांब लागले. "सावनी, बाराच ठेवले तर?"

"काय बाराच?"

"बाराच चिकटलेले ठेवले, बाकीच्यांपासून तोडून, तर बारा दट्टे लागतच नाहीत. एक आत ओढायला, एक बाजूला रेटायला. तो दरवाजा दिसणारच नाही! नुसता डोंगर दिसेल. हिरवा!"

"चोरदरवाजा," सावनी म्हणाली, आणि तिच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "कधी कळलं तुला हे?"

मुक्ता उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काल," सावनी म्हणाली. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"काल? कधी काल?"

"भेळेनंतर."

"आणि मी हिला जा म्हणून कळवलं, ते तू कळवू दिलंस."

सावनीला म्हणायचं होतं, की तू तरी मला 'माती' म्हणालीस ना. की तूच ओरडलीस तिच्यावर, मी नाही. दोन्ही खरं होतं. तरी तिच्या तोंडून एवढंच आलं, "आपण दोघीच राहिलो असतो म्हणून."

मुक्ता ओजस्वीकडे वळली. "सॉरी. काल मी फार बोलले."

"हो, बोलली तर खरी," ओजस्वी म्हणाली. "आता उलथणं आण घरून. तेल पण आण."

*

सावनीनं हळिवाची वडी पाडली. दुसऱ्या कुणाला ते जमलंच नसतं, मुळं न दुखवता, सरळ रेघेत. चार ठोकळे आडवे, तीन उभे. चिरेत उद्याच्या अभ्यंगाचं तेल सोडलं, म्हणजे चीक पुन्हा पलीकडे धरणार नाही. ओजस्वीनं मागं दोन दट्टे लावले. मुक्ता हुकूम सोडत होती, पण ओजस्वीमार्फत. "तिला सांग, कोपरा राहिलाय." सावनी मुकाट कोपरा कापत होती. हेवा करून करून दमायला होतं, हे तिला आजच कळत होतं. पण हेवा जाईल तर शपथ. ओजस्वीच्या प्रत्येक विनोदाला मुक्ता हसली, की सावनीची मान तिकडं वळायचीच.

बटण दाबलं. टक.

"एक कुठंतरी धरून आहे," ओजस्वी म्हणाली. "तेरावा."

सावनीनं गुडघ्यावर बसून खालचा कोपरा पाहिला. एक मूळ, दोऱ्याएवढं, शेजारच्या ठोकळ्यात घुसलं होतं. तिनं ते नखानं तोडलं. हिरवा तुकडा सुर्र करत आत गेला आणि बाजूला सरकला. मागं पोकळ काळोख. परत बटण, आणि पुन्हा नुसता डोंगर.

तिघीही किंचाळल्या. मुक्तानं चुकून सावनीलाच मिठी मारली. मग आठवण होऊन सोडली.

"अन् हा कुणाचा?" ओजस्वीनं डब्यातला तुटक्या उचलला. "याला कुठं उभं करायचं? दरवाज्यावर ठेवला तर पडेल."

सावनीनं मुक्ताकडे पाहिलं, मुक्तानं तुटक्याकडे. नियम दोघींनाच माहीत होता.

"तेराव्या ठोकळ्यावर," शेवटी सावनी म्हणाली. "दाराला लागून आहे, पण हलत नाही. पहारेकऱ्याला तीच जागा बरी." तिनं डावीकडून तुटक्या धरला आणि वाट पाहिली. तिला वाटलं, मुक्ता येणारच नाही.

मुक्तानं उजवीकडून धरला. "भेळेचे अर्धे पैसे देणारेस तू," ती सावनीकडे न बघता, पण सावनीलाच म्हणाली.

"देते."

"तूपण धर गं," मुक्ता ओजस्वीला म्हणाली. "एकदमच ठेवायचा असतो."

एवढ्याशा मावळ्यावर तीन हात मावेनात. ओजस्वीला फक्त टोपीवर बोट टेकवता आलं. सावनीला ते बारीकसं खुपलंच. पण तिनं आपला हात जरासा सरकवला. दुसरं बोट बसेल इतकाच.

*

नरक चतुर्दशीला सकाळी उटण्याचा वास घेऊन सगळी कॉलनी बागेत जमली. देशमाने काकांनी किल्ल्याभोवती फेरी मारली. चष्मा पुसून परत मारली.

"अगं, दरवाजा कुठाय? काढून टाकलात? जमला नाही वाटतं!"

"काका, शोधा की," मुक्ता म्हणाली.

ओजस्वीनं बटण दाबलं. हिरव्या डोंगराचा एक तुकडा हळिवासकट आत गेला, बाजूला झाला, आणि आतून पणतीचा उजेड बाहेर पडला. पोरांचा असा गलका उठला, की झाडावरचे पोपट उडाले. काका तोंड उघडं ठेवून वाकले होते.

"हे डोकं कुणाचं?"

"दट्टे ओजस्वीचे. हळीव सावनीचा," मुक्तानं सांगितलं.

"आणि तुझं काय?"

"माझ्या ह्या दोघी," मुक्ता ऐटीत म्हणाली.

सगळे दाराकडे बघत होते. सावनी तेवढी दाराशेजारच्या ठोकळ्याकडे बघत होती. दार उघडलं, मिटलं, परत उघडलं. तुटक्या मोडकी तलवार घेऊन उभाच होता. जरा डुगडुगला, पण पडला नाही.